सल्लागार येतील, शिकणारा कोण?

सीताबर्डीकडून धंतोलीकडे येताना नाग नदी ओलांडावी लागते. ओलांडणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण नदी ओलांडली याची जाणीवही होत नाही. पुलाखालून वाहते ते शहराचे सांडपाणी असते आणि त्याकडे न पाहण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मात्र या नदीने आपली ओळख स्वतःच करून दिली. अंबाझरी तलाव भरून वाहिला, मोरभवनच्या बसस्थानकात गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, पंचशील चौकातला पूल खचला आणि काठच्या वस्त्यांत घराघरांतून चिखल शिरला. ज्या शहराचे नावच नदीवरून पडले असे आपण मुलांना शाळेत सांगतो, त्या शहराने नदीचे काय करून ठेवले आहे, हे त्या एका पहाटेत सर्वांना दिसले.

पूर ओसरला; सांडपाणी मात्र रोजचेच आहे. ते नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तेथून गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन मिळते. म्हणजे नागपूरची घाण भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आणि मासेमारांच्या दारात पोहोचते. ती रोखण्यासाठी २०२२ च्या अखेरीस केंद्र सरकारने १,९२६.९९ कोटी रुपयांच्या नाग नदी प्रदूषण निवारण प्रकल्पाला मान्यता दिली. त्यातील १,११५.२२ कोटी रुपये केंद्राचे, ५०७.३६ कोटी राज्याचे आणि ३०४.४१ कोटी महानगरपालिकेचे, अशी वाटणी ठरली. हा प्रकल्प आखला गेला तो जपानच्या 'जायका' या संस्थेच्या कर्जाच्या आधारावर. अशा कर्जाला आपण 'परकीय साहाय्य' म्हणतो. ते दान नसते. अल्प व्याजाचे, दीर्घ मुदतीचे, पण फेडावयाचेच ते ऋण असते.

अशा ऋणाबरोबर नेहमी आणखी एक गोष्ट येते. ती म्हणजे तांत्रिक सल्लागार. त्याच्याविषयी आपल्याकडे दोन टोकाची मते आहेत. एका मतानुसार बाहेरचा तज्ज्ञ आला की काम झालेच. आपले लोक नालायक, तेव्हा त्यांच्या हाती काही ठेवू नये. दुसऱ्या मतानुसार सल्लागार म्हणजे कर्जाच्या ताटातले लोणी आधीच काढून घेणारा पाहुणा. चकचकीत अहवाल देतो, मानधन घेतो आणि विमान पकडतो. दोन्ही मतांना आधार देणारी उदाहरणे सापडतात. परंतु दोन्ही मते प्रश्नाच्या एकाच बाजूला पाहतात. सल्लागार कसा आहे, एवढेच ती विचारतात. सल्ला घेणारा कसा आहे, हा प्रश्न ती विचारीत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते परकीय साहाय्याचे यशापयश या दुसऱ्या प्रश्नावर अधिक अवलंबून असते.

सोलापूरचा पंप

या संदर्भात महाराष्ट्रातील एक जुनी कथा सांगण्याजोगी आहे. १९६६-६७ च्या दुष्काळानंतर 'युनिसेफ'ने भारतात कठीण खडक फोडणारी विंधनयंत्रे आणली. जेथे विहीर खणण्यास महिनोन् महिने लागत, तेथे थोड्या दिवसांत विंधनविहीर तयार होऊ लागली. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रात अशा विहिरींची निकड अधिकच वाढविली. साहाय्य खरे होते, यंत्रे उत्तम होती, पाणीही लागत होते. अडले ते शेवटच्या पायरीवर. विहिरीवर बसविलेले बिडाचे हातपंप मोडू लागले. पाहणी केली तेव्हा बहुसंख्य पंप बंद असल्याचे आढळले. कारण साधे होते. हे पंप पाश्चात्त्य देशांतील एखाद्या कुटुंबाच्या अंगणात दिवसातून चार वेळा हलवावयाच्या पंपांच्या धर्तीवर ओतलेले होते. आपल्या खेड्यात तोच पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो हातांनी हलविला जाई.

येथे एखादा सल्लागार परदेशातून नवा पंप मागवू शकला असता. तसे झाले नाही. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या कामांतून व साध्या कार्यशाळांतून एक वेगळाच पोलादी पंप आकाराला आला होता. एकाच टेकूवर फिरणारा दांडा, पंपाच्या सळईला नेहमी ताणलेली ठेवणारी साखळी आणि काँक्रीटमध्ये घट्ट रोवलेला पाया ही त्याची वैशिष्ट्ये होती. मोठ्या पदव्यांच्या आधारावाचून, मोडलेले पंप दुरुस्त करता करता तो घडला होता. 'युनिसेफ'च्या अभियंत्यांनी तो पाहिला, त्यातील गुण ओळखले आणि सरकारी उपक्रम असलेल्या मद्रासच्या कारखान्याला व तेथील संशोधकांना बरोबर घेऊन त्यात सुधारणा केली. कोइमतूरच्या परिसरात त्याची कसोटी घेण्यात आली. त्यातून निघालेला 'इंडिया मार्क दोन' हा पंप पुढे देशभर आणि आफ्रिकेतील अनेक देशांत गेला. त्याच्या आराखड्यावर कोणाचीही मालकी ठेवली गेली नाही. ज्याला बनवावयाचा त्याने बनवावा. आजही आपल्या खेड्यापाड्यांत शाळेच्या आवारात जो हातपंप दिसतो, तो बहुधा याच घराण्यातला असतो.

या कथेत परदेशी सल्लागाराचे महत्त्व कमी होत नाही. त्याच्याजवळ मोजमापाची शिस्त होती, चाचणीची पद्धत होती, प्रमाणीकरणाचा आग्रह होता; या गोष्टी सोलापूरच्या कार्यशाळेत नव्हत्या. परंतु कार्यशाळेला काय ठाऊक होते, तेही त्याने विचारले. दोघांचे ज्ञान एकत्र आले तेव्हा पैशाला अर्थ आला. तोवर खडक फोडून काढलेल्या विहिरीवर बंद पंप उभा होता, म्हणजे साहाय्य अक्षरशः जमिनीत गाडले गेले होते.

भिलाई आणि बोकारो

दुसरे उदाहरण नागपूरच्या इतिहासाला लागून आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूरच होती. चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन अभियंते शेकड्यांनी आले हे खरे. पण त्याच वेळी भारतीय अभियंते शिक्षणासाठी रशियात गेले आणि प्रत्येक महत्त्वाच्या जागी रशियन तज्ज्ञाशेजारी एक भारतीय माणूस उभा करण्यात आला. पुढच्या विस्तारांत परदेशी माणसांची संख्या घटत गेली. सल्लागाराने हळूहळू अनावश्यक होत जावे, हा त्याच्या यशाचा खरा पुरावा असतो.

त्याच सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या बोकारोत मात्र उलटे घडले. एम. एन. दस्तूर यांच्या भारतीय सल्लागार संस्थेने बोकारोचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार केला होता. सोव्हिएत साहाय्य आले तसा आराखडा सोव्हिएत संस्थेच्या हाती गेला. खर्च कमी करण्याविषयी दस्तूर यांच्या संस्थेने केलेल्या सूचनांपैकी थोड्याच स्वीकारल्या गेल्या. देणारा देश तोच, घेणारा देश तोच. फरक पडला तो आपल्या माणसाला दिलेल्या जागेत. भिलाईत आपला माणूस शिकावयास उभा होता. बोकारोत शिकून तयार झालेल्या माणसालाच बाजूला सारले गेले. कर्जदात्याने आपला सल्लागार पुढे करावा यात आश्चर्य नाही. घेणाऱ्याने त्यापुढे मान तुकवावी, हे मात्र दुःखद होय.

ही केवळ आपलीच व्यथा नाही. आफ्रिकेतील तांत्रिक साहाय्याचा आढावा घेणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही निष्कर्ष हाच होता: परदेशी सल्लागार कामे उरकतात, पण स्थानिक संस्थांचे बळ त्यांच्यामुळे फारसे वाढत नाही. २००५ साली पॅरिसच्या जाहीरनाम्यात श्रीमंत देशांनी असेही मान्य केले की, घेणाऱ्या देशाच्या कारभाराला समांतर अशा स्वतंत्र यंत्रणा उभारण्याची प्रथा कमी करावयास हवी. जे शहाणपण जगाला उशिरा सुचले, ते आपल्या अनुभवातून आपल्याला आधीच कळावयास हवे होते.

एका शहरातील दोन अनुभव

आता पुन्हा नागपूरकडे वळू. धंतोलीच्या कडेने वर्धा मार्गावर मेट्रो धावते. तिच्या पहिल्या टप्प्यासाठी जर्मनीच्या 'केएफडब्ल्यू' या विकास बँकेने ५० कोटी युरोंचे आणि फ्रान्सच्या विकास संस्थेने १३ कोटी युरोंचे कर्ज दिले. फ्रेंच, इटालियन आणि अमेरिकी कंपन्यांचा एक समूह सर्वसाधारण सल्लागार म्हणून नेमला गेला. ऑगस्ट २०१४ मध्ये पायाभरणी झाली, मार्च २०१९ मध्ये पहिली गाडी धावली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिला टप्पा पूर्णत्वास गेला. मेट्रोच्या खर्चाविषयी, तिच्या प्रवासीसंख्येविषयी मतभेद असू शकतात. येथे मुद्दा तो नाही. मुद्दा असा की, सल्लागारासमोर एक स्वतंत्र कंपनी होती आणि तिच्याकडे त्याच कामासाठी नेमलेले अभियंते होते. सल्लागाराचा नकाशा वाचून 'हे असे का?' असे विचारणारा माणूस रोज त्याच कचेरीत बसत होता.

त्याशेजारी पुण्याचा अनुभव ठेवून पाहावा. मुळा-मुठा नद्यांच्या शुद्धीकरणासाठी 'जायका'शी करार झाला तो जानेवारी २०१६ मध्ये. प्रकल्प सुमारे ९९० कोटी रुपयांचा. कर्जाचे व्याज अवघे ०.३० टक्के, फेड ४० वर्षांत. इतक्या सवलतीचे ऋण क्वचितच मिळते. काम जानेवारी २०२२ पर्यंत पूर्ण व्हावे असे ठरले होते. पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली ती ६ मार्च २०२२ रोजी. म्हणजे जो दिवस काम संपण्याचा, तो उलटून गेल्यावर काम सुरू होण्याचा समारंभ झाला. मधली वर्षे जमिनी, चढ्या दराच्या निविदा आणि फेरनिविदा यांत गेली. पैसा होता, सल्ला उपलब्ध होता; पण दोहोंना पेलणारी सवड आणि यंत्रणा महापालिकेत पुरेशी नव्हती. नाग नदीचा प्रकल्पही महापालिकेच्याच हातून व्हावयाचा आहे. म्हणून पुण्याचा हा धडा नागपूरकरांनी बारकाईने वाचावा.

महापालिकेतील अभियंत्याला दोष देण्याचा येथे हेतू नाही. जो अभियंता सकाळी फुटलेली जलवाहिनी पाहतो, दुपारी नगरसेवकांची पत्रे वाचतो आणि संध्याकाळी न्यायालयासाठी प्रतिज्ञापत्र तयार करतो, त्याच्यापुढे सल्लागाराचा पाचशे पानी इंग्रजी अहवाल येतो. तो अहवाल कोण वाचणार? आपल्या वाचकांपैकी जे कचेरीत नोकरी करतात त्यांना पुढचे सारे ठाऊक आहे. अहवालाला आवक क्रमांक मिळतो, त्यावर 'अवलोकनार्थ सादर' असा शेरा येतो, धारिका तीन टेबलांवरून फिरते आणि ज्या अधिकाऱ्याला ती थोडीफार समजली असते त्याची बदली होते. नवा अधिकारी येतो. त्याला समजावून देण्यासाठी सल्लागाराला पुन्हा नेमावे लागते. अशा रीतीने एकाच ज्ञानाची किंमत आपण दोनदा मोजतो आणि तरी ते आपले होत नाही.

दाराशी असलेले तज्ज्ञ

याहून खेदाची गोष्ट अशी की, नागपूरला सांडपाण्याविषयीच्या ज्ञानाची वाण मुळीच नाही. धंतोलीपासून वर्धा मार्गाने थोडे पुढे गेले की 'नीरी' लागते. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था म्हणून ती येथे स्थापन झाली आणि १९७४ साली तिला आजचे नाव मिळाले. वनस्पतींच्या मुळांच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करणारी 'फायटोरिड' पद्धती याच संस्थेची. आजची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था १९६० पासून शहरात अभियंते घडवीत आहे. लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था त्याहूनही जुनी, १९४२ ची. ज्या गावात देशभरातून लोक सांडपाण्याचा अभ्यास करण्यास येतात, त्याच गावाच्या मध्यभागी सांडपाण्याची नदी वाहते. यापेक्षा बोचरा विरोधाभास कल्पनेनेही रचता येणार नाही.

स्थानिक ज्ञान परकीय कर्जाच्या प्रकल्पात बसविता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. विदर्भ व मराठवाड्यातील गावांसाठी २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जाने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प राबविण्यात आला. गावात पाऊस किती पडतो, मुरतो किती, वाहून जातो किती आणि पिकाला लागतो किती, याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत त्यासाठी मुंबईच्या आयआयटीने तयार केली. कर्ज वॉशिंग्टनचे होते, गणित पवईचे होते आणि आकडे गावच्या शिवारातले होते. तोच न्याय नाग नदीला लावण्यास कोणती अडचण आहे?

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही रास्त आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, कर्ज देणारी संस्था आपल्या अटी घालतेच. सल्लागाराची निवड तिच्या नियमांनी होते. हे खरे आहे. परंतु सल्लागाराने नेमके काय करावयाचे, हे लिहिण्याचा अधिकार बहुधा घेणाऱ्याकडेही असतो. तो आपण बजावीत नाही. अनेकदा तो मसुदाही दुसऱ्याच सल्लागाराकडून लिहून घेतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाहेरचा सल्लागार असल्यामुळेच स्थानिक ठेकेदार आणि स्थानिक राजकारण यांना थोडा वचक बसतो. तो गेला तर खराब काम कोण नाकारील? या आक्षेपात तथ्य आहे आणि त्यासाठीच सल्लागार नको असे आमचे म्हणणे नाही. तो हवाच. पण वचक हा पाहुण्याच्या मुक्कामापुरताच टिकतो. शुद्धीकरण केंद्रांना त्यानंतरची पुष्कळ वर्षे चालावयाचे असते. वीज गेली, पंप जळला, जीवाणू मेले, गाळ साचला, तर त्या दिवशी जपानहून कोणी येणार नाही.

तिसरा आक्षेप असा की, शिकण्याच्या नादात विलंब होईल. पुण्याची सहा वर्षे आठवली म्हणजे या आक्षेपाचे उत्तर वेगळे देण्याची गरज राहत नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, प्रत्येक परदेशी अथवा बाहेरच्या तज्ज्ञाशेजारी महापालिकेचा एक अभियंता नावानिशी नेमावा आणि प्रकल्प संपून दोन वर्षे होईपर्यंत त्याची बदली करू नये. दुसरी, सल्लागाराच्या मोबदल्याचा मोठा भाग अहवाल सादर झाल्यावर देण्याऐवजी, सल्लागार निघून गेल्यावर केंद्र एक वर्षभर ठरलेल्या दर्जाने चालल्यावर द्यावा. तिसरी, 'नीरी' आणि शहरातील तंत्रशिक्षण संस्था यांची एक समिती प्रत्येक आराखडा मंजुरीपूर्वी तपासील आणि आपले मत लेखी नोंदवील, अशी व्यवस्था असावी. ते मत मानणे बंधनकारक नसले तरी चालेल. पण न मानण्याचे कारण लिहून ठेवावे लागले पाहिजे. चौथी, प्रत्येक अहवालाचा सारांश मराठीत प्रसिद्ध व्हावा. ज्याची फेड सार्वजनिक तिजोरीतून व्हावयाची, ते दस्तऐवज त्या तिजोरीत भर घालणाऱ्याला वाचता येऊ नयेत, हा लोकशाहीतील मोठा उणेपणा आहे. आणि पाचवी, केंद्रे चालविण्याच्या खर्चाची तरतूद बांधकामाच्या आधी ठरावी. परकीय कर्जातून यंत्रे बसतात. ती चालविणाऱ्याचा पगार आणि विजेचे देयक आपल्यालाच भरावे लागते.

या पाचांपैकी एकाही गोष्टीला जपानची अनुमती मागण्याचे मुळातून कारण नाही. सारे निर्णय नागपुरात आणि मुंबईत होऊ शकतात. जगातील साहाय्याचा ओघही आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. अमेरिकेची 'यूएसएड' ही संस्था, जिच्या नावाचे शिक्के असलेली गव्हाची पोती आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली होती, १ जुलै २०२५ रोजी बंद झाली. पैसा कोणत्या वर्षी येईल आणि कोणत्या वर्षी आटेल हे परक्यांच्या राजकारणावर ठरते. शिकलेली विद्या मात्र कोणी परत नेऊ शकत नाही. भारत स्वतः १९६४ पासून तांत्रिक सहकार्याच्या कार्यक्रमाखाली इतर देशांतील लोकांना शिकवीत आला आहे. दुसऱ्यांना शिकविणाऱ्या देशाला आपल्या एका शहरात शिकून घेणे जड जाऊ नये.

नाग नदीच्या पुलावरून रोज शेकडो विद्यार्थी शाळा-महाविद्यालयांत जातात. त्यांच्यापैकी एखादा उद्या स्थापत्य अभियंता होऊन महापालिकेत रुजू होईल. त्या वेळी शुद्धीकरण केंद्राच्या किल्ल्या त्याच्या हाती येतील. ते केंद्र का बांधले, कसे चालते आणि बिघडले तर काय करावे, हे सांगणारा एखादा ज्येष्ठ सहकारी त्याला त्याच कचेरीत भेटला, तर १,९२६ कोटी रुपये कारणी लागले असे म्हणता येईल. त्याला कपाटातील धूळ खात पडलेला इंग्रजी अहवालच तेवढा मिळाला, तर नदी पुन्हा तशीच वाहू लागेल आणि तिच्याकडे न पाहता पूल ओलांडण्याची जुनी सवय आपल्याला पुन्हा जडेल. यांपैकी काय घडावे, याचा निर्णय टोकियोत व्हावयाचा नाही. तो येथे, आपल्या महापालिकेच्या सभागृहात व्हावयाचा आहे. आणि तो करून घेण्याची जबाबदारी नागरिक म्हणून आपली आहे.